‘आलेला’ आणि ‘आणलेला’: नाटक, पूर्वग्रह आणि धातुसाधितं एकत्र कशी शिकवावीत

नाशिकजवळच्या एका शाळेत नववीला मराठी शिकवणाऱ्या ताईंचा प्रश्न आहे. एकाच पंधरवड्यात नाटकाचे घटक, पूर्वग्रहांचे प्रकार आणि धातुसाधितं (धातूपासून, म्हणजे क्रियापदाच्या मूळ रूपापासून, झालेले पण वाक्य न संपवणारे शब्द) असे तीन भाग संपवायचे आहेत. तिघांचं एकमेकांशी नातं काही दिसत नाही, आणि वर स्नेहसंमेलनाला एकांकिका बसवायची आहे. तर सुरुवात कुठून करावी?

ताई, सुरुवात एकांकिकेपासूनच करा. बाकीचे दोन भाग तिच्यातूनच निघतात. मी तीस-बत्तीस वर्षं दिवसा शाळेत मराठी शिकवलं आणि संध्याकाळी हौशी नाटकं बसवली. सकाळी फळ्यावर जी धातुसाधितं लिहितो त्यांच्याशीच रात्री तालमीत झटापट चालते, हे ध्यानात यायला निम्मी नोकरी गेली. तेव्हापासून माझं म्हणणं एकच आहे: भाषेत पूर्वग्रह घर करतो तो बहुतेक वेळा धातुसाधितात, आणि रंगमंचावर खडाजंगी सुरू होते ती त्या धातुसाधिताचं कुणीतरी पुन्हा क्रियापद केलं की.

“त्याने तिला टाकलं” हे वाक्य घ्या. यात कर्ता आहे, काळ आहे, म्हणजे भांडायला जागा आहे. का टाकलं, कधी टाकलं, त्याला कुणी जाब विचारला का? आता “टाकलेली बाई” म्हणा. टाकणारा गायब, तारीख गायब. काम केलं एकाने आणि ते चिकटलं दुसरीला, तेही कायमचं. सकर्मक धातूला ‘-लेला’ लागला की तयार होणारं विशेषण सहसा कर्माला जाऊन बसतं आणि कर्ता वाक्याबाहेर पडतो. ‘शिकलेला’, ‘जेवलेला’, ‘प्यालेला’ असे मोजके शब्द याला अपवाद, ते कर्त्याचेच राहतात. पुस्तकात हा नियम एका ओळीत संपतो, पण मुलांनी तो गल्लीत रोज ऐकलेला असतो.

‘-णारा’ची खोड वेगळी. एखादा मुलगा दोनदा उशिरा आला की तो ‘उशिरा येणारा’ होतो. दोन घटनांची सवय झाली, आणि सवयीचा स्वभाव. तिसऱ्या दिवशी तो वेळेवर आला तरी आपण म्हणतो, “आज कसा काय आला वेळेवर?”

आणि ‘म्हणून’. हा शब्द आपण इतका वापरतो की तोही धातुसाधित आहे हे विसरूनच जातो. म्हण + ऊन, म्हणजे ‘असं म्हणून’. “तो पेठचा म्हणून त्याच्यावर नजर ठेव.” (पेठ म्हणजे नाशिक जिल्ह्यातला आदिवासी तालुका.) यात कारण दिल्यासारखं वाटतं खरं, पण शब्द फोडला तर कळतं की इथे कारण नाही, कुणाचं तरी म्हणणं आहे. वर्गात हे सांगाल तेव्हा पुढचा प्रश्न मुलांनाच विचारू द्या: कुणी म्हणून?

आता एक प्रसंग देतो. तुमच्या मुलांना ओळखीचा वाटेल असा, आणि मी तो वेगवेगळ्या रूपांत बऱ्याचदा बसवला आहे. दिंडोरी तालुक्यातली द्राक्षबाग. डिसेंबर, थिनिंग, म्हणजे घडातले मणी कात्रीने विरळ करण्याचं काम, चालू आहे. पेठ-सुरगाण्याकडची मजुरांची टोळी शेडमध्ये उतरली आहे. नाना बागाईतदार, काकू त्यांची बायको, एक मुकादम, टोळीतली एक बाई आणि तिचा तेरा-चौदा वर्षांचा मुलगा. शेडमध्ये चार्जिंगला लावलेला नानांचा मोबाईल जागेवर नाही.

काकू: (इकडेतिकडे बघत) इथंच तर होता.
नाना: तो सुरगाण्याहून आलेला पोरगा कुठंय?

इथे थांबा. मुलांना विचारा, आरोप झाला का? अर्धा वर्ग ‘नाही’ म्हणेल, कारण चोरी हा शब्द आलेलाच नाही. मग वाक्यातलं फक्त धातुसाधित बदलायला सांगा. “तो काकूंना पाणी भरू लागणारा पोरगा कुठंय?” “तो सातवीपर्यंत शिकलेला पोरगा कुठंय?” “तो काल तापाने फणफणलेला पोरगा कुठंय?” मुलगा तोच, मोबाईल तोच, प्रश्नही तोच. पण प्रत्येक वेळी पोटात वेगळं काहीतरी हलतं. आमच्या तालमीत एका मुलीने शेवटचं वाक्य म्हणून पाहिलं आणि नानांचं काम करणारा मुलगा पटकन म्हणाला, “सर, आता मला रागावताच येत नाहीये.” व्याकरणाचा इतका चांगला तास मी एरवी कधी घेतला नसेल.

या प्रसंगाचा कळस कुठे, हे मला तेव्हाच सापडलं. मुलाची आई हातातली कात्री न ठेवता म्हणते, “आलेला नाही, नाना. तुम्ही आणलेला. पिकअप पाठवून आणलेला.” ‘येणे’ अकर्मक, ‘आणणे’ सकर्मक. एका धातूच्या जागी दुसरा धातू येतो आणि इतका वेळ गायब असलेला कर्ता पुढ्यात उभा राहतो. पुढे ती एवढंच विचारते, “आणताना चोर वाटला नाही, मग आज कसा वाटला?” याहून जास्त तिला बोलू देऊ नका. भाषण झालं की नाटक बसकण मारतं.

आता रंगसूचना. मुलं संहिता वाचताना कंसातला मजकूर सोडून देतात आणि नेमकी तिथेच धातुसाधितांची रास पडलेली असते. हा प्रयोग नक्की करा. एक मुलगा, एक दार आणि ‘मोबाईल मिळाला का?’ हे एकच वाक्य. पहिल्यांदा ‘दार उघडून म्हणतो’: दार पूर्ण उघडलं, तो आत आला, थांबला, मग बोलला. दुसऱ्यांदा ‘दार उघडत म्हणतो’: हात दारावर, वाक्य चालू, नजर अर्धी आत. तिसऱ्यांदा ‘दार उघडता उघडता थांबून म्हणतो’: काहीतरी दिसलं, हात तसाच राहिला. एक क्रिया संपून दुसरी, दोन क्रिया जोडीने, आणि एक क्रिया अर्ध्यावर मोडून दुसरी. -ऊन, -त आणि -ता -ता यांतला फरक ज्याने अंगाने करून पाहिला, त्याला तो परीक्षेत घोकावा लागत नाही. तिन्हीही धातुसाधित अव्ययं. विशेषणाची उदाहरणं वर आली. नाम म्हणजे ‘बोलणं’, ‘टाळणं’, ‘रडू’. ‘मला रडू आलं’ मधलं ‘रडू’ नाम आहे हे मात्र मुद्दाम सांगा, कारण मुलं त्याला हमखास क्रियापद म्हणतात. ओळखायची खूण सोपी: शब्द धातूपासून झालाय पण त्याच्यावर वाक्य संपत नाही, तर तो धातुसाधित.

नाटकाच्या घटकांवर फार वेळ घालवू नका. कथानक, पात्रं, संवाद, संघर्ष, नेपथ्य, प्रकाश, वेशभूषा, संगीत ही यादी पुस्तकात आहेच. वर्गात कुणी चौकस निघालाच तर सांगा की अरिस्टॉटलने शोकांतिकेचे सहा घटक मानले: कथानक, स्वभाव, विचार, भाषा, संगीत आणि दृश्य, आणि आपल्याकडे धनंजयाने दशरूपकात वस्तू, नेता आणि रस या तिघांवरून रूपकांचे, म्हणजे नाटकांचे, भेद केले. मला यादीपेक्षा एकेका घटकाला एक प्रश्न विचारून घेणं बरं वाटतं: इथे पूर्वग्रह कुठून आत शिरतो? वेशभूषेतून? मजुराचा मुलगा म्हटलं की आपण त्याला फाटका शर्ट देतो, खरं तर टोळीतली पोरं छान जीन्स घालून येतात. नेपथ्यातून? पात्रनिवडीतून तर हमखास. गोरा मुलगा नायक, जाडा मुलगा विनोदी, ही वाटणी तालमीच्या पहिल्या दहा मिनिटांत झालेली असते आणि ती आपणच केलेली असते.

यात माझा स्वतःचा एक गुन्हा आहे, तो सांगून टाकतो. खूप वर्षांपूर्वी एका एकांकिकेत नोकराच्या पात्राला मी अहिराणी बोलायला लावलं. नायक पुस्तकी मराठीत, नोकर अहिराणीत, आणि हशा खणखणीत. आमच्या गटात सटाण्याचा एक मुलगा होता. प्रकाशयोजना बघायचा, हुशार होता. तिसऱ्या तालमीनंतर तो यायचा बंद झाला. त्याने काही सांगितलं नाही आणि मीही फार विचारलं नाही. दोन वर्षांनी एस.टी.त भेटला तेव्हा सहज म्हणाला, “सर, घरी आम्ही तसंच बोलतो. हसण्यासारखं काय होतं?” अहिराणीतून पात्र रडतं, भांडतं, हिशेब करतं, प्रेम करतं. मी तिला फक्त हसायला ठेवलं होतं. तेव्हापासून माझा नियम असा की बोली एकट्या नोकराला द्यायची नाही. द्यायची तर घरातल्या थोरल्या माणसालाही द्यायची, नाहीतर कुणालाच नाही. तुमच्या एकांकिकेत आई कोकणीतून, म्हणजे तिकडच्या कोकणा लोकांच्या बोलीतून, बोलणार असेल तर ती बोली येणाऱ्या माणसाकडून वाक्यं घ्या. अंदाजाने ‘ग्रामीण’ करू नका.

पूर्वग्रहांच्या प्रकारांकडे येऊ. मुलं तीन शब्दांची गल्लत करतात. साचा म्हणजे डोक्यातलं तयार चित्र: ‘टोळीतली पोरं अशीच’. पूर्वग्रह म्हणजे त्या चित्रावर बसलेली भावना, बहुधा नावड किंवा संशय. भेदभाव म्हणजे त्यातून झालेली कृती: त्याच्याच पिशवीची झडती, त्याच्याच चहाला वेगळा कप. साचा असूनही माणूस नीट वागू शकतो, आणि मनात काही नसतानाही केवळ घरची रीत म्हणून कप वेगळा निघतो. आमची काकू ही या दुसऱ्या प्रकारची, आणि म्हणून ती नानांपेक्षा अवघड भूमिका आहे.

याशिवाय विचारातले कल. स्वतःला द्वारका चौकात ट्रॅफिक लागतं म्हणून उशीर होतो, दुसरा मात्र आळशी म्हणून उशिरा येतो. स्वतःच्या बाबतीत परिस्थिती, दुसऱ्याच्या बाबतीत स्वभाव, असा हा दुहेरी तराजू. दिसण्यावरून किंवा एका गुणावरून बाकीचे गुण गृहीत धरणं हा दुसरा: चांगलं इंग्रजी बोलतो म्हणजे प्रामाणिकही असणार. आपल्यातल्याला सूट आणि बाहेरच्याला नियम, हा तिसरा. मुकादमाचा भाचाही सकाळी शेडमध्ये जाऊन आला होता, त्याच्याबद्दल कुणी विचारत नाही, एवढं एक वाक्य संहितेत ठेवलं की हा प्रकार समजावून सांगावा लागत नाही.

चौथा म्हणजे आपल्याला आवडेल तेच खरं धरण्याचा कल. याला मी स्वतः बळी पडलोय. देवलांचं ‘संगीत शारदा’ १८९९ चं, म्हाताऱ्याशी लहान मुलीचं लग्न लावण्यावरचं. मी वर्षानुवर्षं वर्गात ठोकून देत होतो की बालविवाहाविरुद्धच्या १९२९ च्या कायद्याला ‘शारदा कायदा’ हे नाव याच नाटकावरून मिळालं. ऐकायला किती गोड! खरं नाव आलं ते ज्यांनी विधेयक मांडलं त्या हरबिलास सारडा यांच्या आडनावावरून. ‘सारडा’चं ‘शारदा’ झालं आणि आम्हा नाटकवाल्यांना ते इतकं पटलं की तपासावंसं कुणाला वाटलंच नाही. मुलांना ही माझी चूक खुशाल सांगा. शिक्षकाची चूक त्यांच्या चांगली लक्षात राहते.

एकांकिकेच्या बांधणीसाठी सगळ्यात उपयोगी पडते ती गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली मांडलेली चढण. पूर्वग्रह कृतीत उतरतो तो पाच पायऱ्यांनी: वाईट बोलणं, टाळणं, भेदभाव करणं, अंगावर जाणं आणि शेवटी समूळ संपवणं. मराठीत या पायऱ्या लिहिल्या की पाचही धातुसाधित नामं होतात, तेव्हा व्याकरणाचा सराव त्यातही होऊन जातो. शाळेतल्या एकांकिका बहुतेक पहिल्या पायरीवरून थेट चौथीवर उडी मारतात, म्हणजे दोन टोमणे आणि मग ढकलाढकली. रंगमंचावर खरी श्रीमंत पायरी दुसरी आहे, टाळणं. त्यात वाक्य नसतं, सगळं अंगात असतं. काकू चहा ओतताना मुलाचा कप हातात न देता कट्ट्यावर ठेवते. मोबाईल हरवायच्या आधीच, कुणी काही बोलायच्या आधी. हा कप पहिल्या दोन मिनिटांत दिसला पाहिजे, आणि त्यावर कुणी काही बोलता कामा नये.

आपल्याच गावातल्या नाटककाराचं उदाहरण हवं असेल तर शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मध्ये, १९७० च्या, बेलवलकरांवर सख्ख्या मुलीच्या घरी चोरीचा संशय येतो. तिथे जात नाही, गाव नाही. म्हातारपण आणि परावलंबन एवढंच पुरतं. पूर्वग्रहाला नेहमी परकाच माणूस लागतो असं नाही, हे त्यातून दाखवता येईल.

नाशिकमध्ये हा विषय शिकवताना काळारामाला वळसा घालून जाता येत नाही. २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, स्थानिक धुरा दादासाहेब गायकवाडांकडे होती. इतिहासाच्या तासाला मुलं हे शिकतातच. मराठीच्या तासाला दोन शब्द फळ्यावर लिहा: अस्पृश्य आणि दलित. दोन्ही संस्कृत कृदंतं, म्हणजे धातुसाधितंच. पहिल्यात स्पृश् धातू: ज्याला स्पर्श करू नये असा. कुणी करू नये, असं कुणी ठरवलं, याचा पत्ता नाही. जणू तो त्या माणसाच्या अंगचाच गुण. दुसऱ्यात दल् धातू: भरडलेला, चिरडलेला. इथेही कर्ता लिहिलेला नाही, पण शब्द ऐकताक्षणी तोंडात प्रश्न येतो, चिरडलं कुणी? एक धातुसाधित प्रश्न गिळतं, दुसरं तो विचारायला लावतं. म्हणून धातुसाधितं वाईट असं मुलांना सांगू नका. नानांच्या तोंडचं ‘आलेला’ आणि आईच्या तोंडचं ‘आणलेला’ यांत प्रत्यय एकच आहे.

तुमच्या इंग्रजीच्या सहकारी बाईंना एवढंच सांगा की दोन्ही भाषांची गणितं एकास एक जुळत नाहीत. इंग्रजीत ‘-इंग’ लागलेलं एकच रूप कधी नाम असतं, कधी विशेषण. मराठीत ‘धावणं’ आणि ‘धावणारा’ किंवा ‘धावता’ अशी रूपं वेगळी. उलट आपला ‘-ऊन’ तिकडे एका रूपात सापडत नाही. एकाच आठवड्यात दोघींनी शिकवलंत तरी चालेल, तक्ता मात्र एकत्र करू नका. मुलं दोन्हीकडे घोळ घालतात.

एक सावधगिरी. “तुमच्याशी कुणी भेदभाव केला का, सांगा” असा प्रश्न भर वर्गात विचारू नका. तुमच्या वर्गातही सुरगाण्याचं कुणी मूल आश्रमशाळेतून आलेलं असेल, त्याला उदाहरण व्हायचं नसतं. त्याला आईची किंवा मुलाचीच भूमिका देऊ नका. नानांची द्या. मी एकदा दिली होती. त्या मुलाने नाना इतका थंडपणे केला, आवाज न चढवता, की पालकांची पहिली रांग खुर्चीत चुळबुळायला लागली.

आणि मोबाईल. तुम्ही संहिता लिहाल तेव्हा शेवटी तो नानांच्याच खिशात सापडावा असं तुम्हाला शंभर टक्के वाटेल. मुलंही तेच सुचवतील. तसं करू नका. तो सापडला की नाना ‘चुकलं बरं का’ म्हणतात, टाळ्या पडतात आणि सगळं प्रकरण एका गैरसमजावर निभावतं. मग जर मोबाईल खरंच त्या मुलाने घेतला असता, तर नानांचं पहिलं वाक्य बरोबर ठरलं असतं का? ते तेव्हाही तितकंच चुकीचं होतं, कारण ते विचारलं तेव्हा त्यांना काहीच माहीत नव्हतं. मोबाईल हरवलेलाच राहू द्या. आईचं वाक्य झालं की टोळी पुन्हा बागेत थिनिंगला जाते, काकू कट्ट्यावरचे कप उचलायला लागते, आणि दिवे जातात. त्या कपांपैकी एक वेगळा दिसेल असा घेऊ नका, सगळे सारखे स्टीलचेच घ्या. वेगळेपण तिच्या हातातून दिसू द्या, कपातून नको.

वीस मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका. संहिता झाली की मला दाखवा, पण रंगसूचनांसकट. नुसते संवाद मी वाचत नाही.